उकिरडा वेस कोण बांधणार?

(सहायक मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ‘परसातले कुक्कुटपालन आणि आदिवासी भगिनींची प्रगती’ असा विषय दिला आहे. प्रगतीविषयी आपण अहवालात वाचताच. म्हणून आपली परवानगी गृहीत धरून मी आज घाणीविषयी बोलणार आहे. कोंबड्यांचे खुराडे साफ करणे आणि मोडले की ते नीट करणे, या कामाविषयी. आपल्यापैकी पुष्कळांनी या खुराड्यांसाठी देणगी दिली आहे. छायाचित्रात आपण जे नवे कोरे खुराडे पाहता, त्याचे दोन पावसाळ्यांनंतर काय होते, हे ऐकण्याचा आपणांस हक्क आहे.

आधी कोंबडीविषयी थोडे सांगते. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांत मावची, कोकणा, भिल्ल, पावरा कुटुंबांत कोंबडी ही बाईची गाठ आहे. भात-ज्वारीचा पैसा बहुधा पुरुषाच्या हाती जातो. कोंबडी आणि अंड्यांचा पैसा मात्र बाईच्या पदराला राहतो. त्यातून मुलाची वही येते, दवाखान्याला जायचे जीपभाडे निघते, पाहुणा आला तर रस्सा होतो. कापणीच्या सणाला मंडळीत ज्या कोंबड्यांचा आणि अंड्यांचा लिलाव होतो, तीही याच गाठीतून सोडलेली असतात.

पूर्वी या कोंबड्यांना खुराडे नव्हते असे म्हटले तरी चालेल. गावठी कोंबडी हलकी आणि चपळ असते. दिवसभर उकरून खाते, संध्याकाळी झाडावर चढून बसते. पिले असतील तर रात्री तिला डालग्याखाली झाकायचे, एवढेच. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, बारा-पंधरा झाली की खुडूक बसते आणि एकविसाव्या दिवशी पिले काढते. पुढे गिरिराज, वनराज असे सुधारित पक्षी आले. ते अंडी जास्त देतात, वजनालाही चांगले भरतात. पण ते जड असतात. झाडावर चढत नाहीत, मुंगूस आले तर पळता येत नाही. त्यांना बंदिस्त, पक्के खुराडे लागते. आणि वीस पक्षी रोज रात्री एकाच जागी बसले की त्यांची घाणही एकाच जागी साठते. झाडाखाली पडणारी विष्ठा पाऊस धुऊन नेत असे. खुराड्यातली विष्ठा कोणीतरी उचलावी लागते.

हे काम मला चांगले ठाऊक आहे, कारण आमच्या क्वार्टरच्या मागे असे एक खुराडे आहे आणि ते माझ्याकडे आहे. पाड्यावरच्या भगिनींना शिकवायचे तर ते आपल्या परसात चालते का, हे आधी पाहायला हवे. म्हणून मी दर शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत तोंडाला फडके बांधते, खुरपे आणि घमेले घेते आणि आत शिरते. आत उभे राहता येत नाही. वाकून, कधी गुडघ्यांवर बसून काम करावे लागते. रात्री दांडीवर बसल्या बसल्या कोंबड्या पुष्कळ घाण करतात, तिचा दांडीखाली थर साठतो. सुकलेला थर खरवडला की धूळ नाकातोंडात जाते, म्हणून आधी पाण्याचा हबका मारायचा. हबका जास्त झाला की चिखल होतो.

पावसाळ्यात तर वेगळीच तऱ्हा. खाली भाताच्या तुसाची गादी घातलेली असते. श्रावणात ती ओली झाली की आतून असा उग्र दर्प सुटतो की डोळ्यांत पाणी येते. आपण उभे असताना तो तितका जाणवत नाही. कोंबडीच्या उंचीला डोके नेले की कळते. तीच हवा ती रात्रभर घेत असते. ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि लहान पिले त्यात पटापट जातात. म्हणून मूठभर तूस हातात घेऊन दाबून पाहायचे. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ते काढून टाकायचे. भुगा होऊन सांडले तर ठीक. ओल्या जागी विझवलेला चुना भुरभुरायचा आणि गादी खालीवर करायची. हे सारे शनिवारी करावे आणि रविवारी उपासनेहून परत येऊन पाहावे, तर पाण्याचे भांडे लवंडून नेमक्या त्याच कोपऱ्यात पुन्हा चिखल झालेला असतो.

दिवसा न दिसणारी घाण आणखी असते. दांडीची टोके जिथे भिंतीत बसवलेली असतात, त्या फटींत बारीक किडे आणि गोचीड दडतात. दिवसा खुराडे पाहा, काही दिसणार नाही. रात्री बॅटरी घेऊन जा, म्हणजे ते बाहेर येऊन कोंबडीच्या पायांवर, पंखांखाली रक्त पीत असलेले दिसतात. तुरा फिका पडला, अंडी कमी झाली की लोक म्हणतात, खाणे कमी पडते. पुष्कळदा खाणे पुरेसे असते, ते फटींत जाते. मग दांड्या काढा, फटींत उकळते पाणी ओता, ऊन दाखवा, चुन्याचा हात द्या. चुन्याने बोटांची सालपटे निघतात.

डागडुजीचेही तसेच. बांबूला भुंगा लागतो आणि आतून पीठ गळते. जुनी माणसे अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडतात. ठेकेदाराचा बांबू मात्र पंचांग पाहून येत नाही. खांबांचे पाय वाळवी खाते, म्हणून त्यांना जळके ऑइल लावावे लागते, आणि ते दरवर्षी. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. दोन पावसाळ्यांत खालची पट्टी गंजते, मग हाताने ओढली तरी फाटते. मुंगसासाठी अर्ध्या इंची वेल्डमेश लागते, आणि ती जमिनीत हातभर गाडून बाहेरच्या अंगाला वळवावी लागते, नाहीतर ते खालून उकरून येते. पत्रा उन्हाळ्यात इतका तापतो की त्यावर पाचटाचा थर घालावा लागतो. वळवाच्या वाऱ्याने ते पाचट उडून शेजारच्या अंगणात जाते. एक भोक बुजवावे तर दुसरे पडते.

खरे सांगते, या कामाचा मला कंटाळा येतो. काही शनिवारी राग येतो. हे काम संपत नाही आणि झाले तरी दिसत नाही. नवे खुराडे उभे राहिले की पाहुणे येतात, प्रार्थना होते, फीत कापली जाते. पण जाळीची खालची पट्टी बदलली म्हणून कोणी फीत कापल्याचे मी अजून पाहिले नाही.

मात्र पाड्यावरच्या भगिनींसाठी हा प्रश्न कंटाळ्याचा नाही. एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी सात खुराडी दिली होती. आमच्या नव्हे, दुसऱ्या एका संस्थेमार्फत. काम चांगले होते, साहित्यही चांगले होते. त्यांतले एक खुराडे एका विधवा मावशींचे. त्यांनी ते मन लावून सांभाळले. दाराची बिजागरी गंजून तुटली तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खिळ्यांनी ठोकून दार बसवले. ते एक पावसाळा टिकले. पुढच्या भाद्रपदात दार खालून एक वीतभर सुटले आणि एका रात्रीत मुंगसाने सात कोंबड्या मारल्या. खाल्ली एकच, बाकीच्या मारून टाकल्या. मी गेले तेव्हा मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, “ताई, नातवाच्या वसतिगृहाचे सामान यातून घ्यायचे होते.”

मी दार पाहिले. दारावर देणगीदाराच्या नावाची पत्र्याची पाटी होती. तिचे चारही स्क्रू शाबूत होते. बिजागरी मात्र नव्हती.

मी त्या संस्थेच्या कार्यकर्त्याला विचारले, एक बिजागरी आणि दोन हात जाळी मिळेल का? तो भला माणूस होता. म्हणाला, “ताई, नवीन खुराड्यासाठी अर्ज केला तर मिळेल. दुरुस्तीला आमच्याकडे रकानाच नाही.” म्हणजे बिजागरी मिळणार नाही, पण आख्खे खुराडे मिळेल. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. असा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, कारण त्यासाठी कोणी पैसे देत नाही. त्या सात खुराड्यांपैकी तिघांत आज सरपण ठेवलेले आहे. ती तीन खुराडी अगदी स्वच्छ आहेत.

नीतिसूत्रांच्या 14 व्या अध्यायातील चौथे वचन आपण घरी जाऊन अवश्य वाचा. त्याचा आशय असा, की बैल नसतील तर गव्हाण स्वच्छ राहते. पण भरघोस पीक येते ते बैलाच्या बळानेच. शलमोनाच्या नावाने आलेल्या या ज्ञानात शेणाचा हिशेब आहे, याचे मला मोठे समाधान वाटते. ज्या सेवेत जीव आहे, तिथे दररोज घाण होणार आणि दरवर्षी मोडतोड होणार. वसतिगृहात मुले आहेत तोवर नळ गळणार. दवाखान्यात रोगी येतात तोवर चादरी फाटणार. काही मोडत नाही, काही मळत नाही, असे काम पाहिले तर आधी विचारावे, आत कोणी आहे का?

दुसरा शास्त्रभाग नहेम्याच्या पुस्तकातील. यरुशलेमेचा तट 52 दिवसांत पुरा झाला, हे आपण मोठ्या आनंदाने सांगतो. पण मधला चौथा अध्याय पाहा. तिथे यहूदाचे लोक कुरकुर करतात: ओझे वाहणाऱ्यांची शक्ती संपत आली, ढिगारा तर फार आहे, आमच्याने तट बांधवणार नाही. हे पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे. देवाच्या लोकांना ढिगाऱ्याचा कंटाळा आला, ही गोष्ट लपवलेली नाही आणि त्यासाठी त्यांना शिक्षाही झालेली नाही. ते कुरकुरले आणि पुन्हा कामाला लागले. शनिवारी सकाळी मला याचा आधार वाटतो.

त्याच्या आधीचा तिसरा अध्याय आपण बहुधा वगळून पुढे जातो, कारण त्यात नुसती नावे आहेत. अमक्याने दुरुस्ती केली, त्याच्या शेजारी तमक्याने. त्या नावांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुली काम करत होत्या. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग नीट केला. तकोवाच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्या सरदारांनी त्या कामाला मान लावली नाही, तेही लिहून ठेवले आहे. आणि यरुशलेमेला एक वेस होती, तिचे नाव उकिरडा वेस. शहराची घाण तिथून बाहेर जाई. ती कोणी बांधावी? रेखाबाचा मुलगा मल्कीया याने. तो एका विभागाचा अधिकारी होता. एखाद्या दर्शनी वेशीवर आपले नाव घालावे, असे त्याला वाटले नसेल कशावरून? पण त्याच्या वाट्याला आली ती उकिरडा वेस. त्याने ती बांधली, तिची दारे बसवली, कड्या आणि अडसर लावले. कड्या आणि अडसर यांचासुद्धा वेगळा उल्लेख आहे. मावशींच्या दाराजवळ मला तोच आठवला.

आणि कथा 52 दिवसांवर संपत नाही. शेवटच्या अध्यायात नहेम्या काही काळ बाहेर राहून परत येतो, तर मंदिराच्या आवारातली एक मोठी खोली तोबीयाला राहायला दिलेली. नहेम्या त्याचे सामान बाहेर फेकतो आणि खोल्या पुन्हा शुद्ध करवून घेतो. तट बांधला म्हणून झाडू ठेवून देता आला नाही.

आता कोणी म्हणेल, कोंबडीच्या खुराड्यासाठी एवढे शास्त्र कशाला? त्याला कारण आहे. नवापूरचे नाव साऱ्या देशाने 2006 साली ऐकले. फेब्रुवारी महिन्यात भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या मोठ्या पोल्ट्री फार्ममध्ये सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही त्यांत गेल्या. 2021 च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा तोच रोग आला. आमच्या भागातल्या बायांना एका दिवसात अंगण रिकामे होणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मोठ्या रोगापुढे एक बाई काय करणार? पण मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नये, ते उकिरड्यावर टाकू नये, पटापट मर झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे, खुराड्यात जाण्याची चप्पल वेगळी ठेवावी, एवढे तिच्या हातात आहे. आणि दरवर्षी येणारी मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, ती तर पूर्ण हातातली गोष्ट आहे. ती झाल्यावर औषध नाही. आधी लस द्यावी लागते. लसीची कुपी थंड ठेवावी लागते, आणि एका कुपीत पुष्कळ पाखरांची लस असते. म्हणून आख्ख्या पाड्याने एकाच सकाळी कोंबड्या आणाव्या लागतात. त्या सकाळी कोंबड्या सापडायच्या असतील, तर रात्री त्या बंद खुराड्यात असाव्या लागतात. आणि खुराडे बंद व्हायचे असेल, तर बिजागरी लागते.

पाहा, कुठून निघालो आणि पुन्हा बिजागरीपाशीच आलो.

मग या घाणीतून काही मिळते का? मिळते. खरवडलेली विष्ठा आणि जुने तूस आम्ही खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थर देऊन कुजवतो. ताजी घातली तर रोपे जळतात. चार-सहा महिने कुजू दिली की तिचे सोन्यासारखे कोंबडखत होते. आमच्या परसातली वांगी आणि मिरच्या त्यावर वाढतात. पाड्यावरच्या दोन भगिनींनी यंदा युरियाचे पोते घेतले नाही. खुराडे झाडायचा कंटाळा करणारी सून आता स्वतः खड्डा झाकते, असे एका सासूबाईंनी मला सांगितले. सासूने सुनेचे कौतुक केले, ही त्यातली आणखी एक प्रगती.

आता आपणांकडे तीन मागण्या करते आणि थांबते.

पहिली मागणी. येत्या वर्षापासून आमच्या अंदाजपत्रकात ‘डागडुजी’ असा स्वतंत्र रकाना असावा, अशी विनंती मी समितीला केली आहे. समिती रकाना आखू शकते, तो भरणे आपल्या हातात आहे. नव्या खुराड्यासाठी देणगी जरूर द्या. पण प्रत्येक नव्या खुराड्यामागे त्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या जाळीचा, चुन्याचा आणि बिजागऱ्यांचाही विचार करा. ती रक्कम नव्या खुराड्याच्या मानाने थोडी असते. तिच्यावर नावाची पाटी लावता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरी मागणी. प्रत्येक पाड्यावरच्या बचत गटाकडे एक अवजारपेटी असावी: हातोडी, पक्कड, पत्रा-जाळी कापायची कात्री, खिळे, तार, बिजागऱ्या, वेल्डमेशचे एक बंडल. गटातल्या दोन मुलींना दुरुस्तीचे काम शिकवावे आणि त्या कामाची मजुरी त्यांना मिळावी. शल्लूमच्या मुली तटावर काम करू शकल्या, तर आमच्या मुली जाळी ठोकू शकतील. सुताराला तालुक्याहून बोलावले तर त्याचे भाडे जाळीपेक्षा जास्त होते.

तिसरी मागणी भेटीची आहे. आपण प्रेमाने आम्हांला भेटायला येता, पण येता माघ-फाल्गुनात, जेव्हा रस्ते कोरडे असतात आणि खुराडीही कोरडी असतात. एखादा गट श्रावणात या. चिखलातून चाला, एका मावशीच्या खुराड्यात वाकून डोके घाला, डोळे चुरचुरू द्या. मग तिच्या अंगणात बसून तिच्याबरोबर प्रार्थना करा. त्या प्रार्थनेत तुम्हांला मागायला काय हवे, ते कोणी शिकवावे लागणार नाही.

मत्तयाच्या 23 व्या अध्यायात प्रभू यरुशलेमेसाठी शोक करताना पंखांखाली पिले गोळा करणाऱ्या कोंबडीचे चित्र स्वतःसाठी वापरतो. राजे आपल्यासाठी गरुड, सिंह निवडतात. आमच्या प्रभूने कोंबडी निवडली. जिच्या पंखांची त्याला लाज वाटली नाही, तिच्या खुराड्याची आपण का वाटू द्यावी?

मावशींच्या दाराला आम्ही नवी बिजागरी बसवली आहे. खालून वेल्डमेश गाडली आहे. त्यांच्याकडे आता एक गावठी कोंबडी आणि नऊ पिले आहेत. ही पिले मोठी होईपर्यंत आणखी एक पावसाळा जाईल. तो निभावण्यासाठी आपल्या प्रार्थना हव्या आहेत, आणि थोडे खिळेही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.